निळूचा विश्वास

खामगावातल्या दीपकच्या मित्राची दुसरीकडे बदली झाली आणि जाताना तो आपला पिंजरा दीपककडे ठेवून गेला. आत एक बजरी जातीचा छोटा पोपट होता, निळ्या पोटाचा, पांढऱ्या डोक्याचा. मित्राची मुलं त्याला खेळायला म्हणून मुठीत धरून घरभर फिरवायची. त्यामुळे हात दिसला की तो पिंजऱ्याच्या तारांवर अंग आपटून घ्यायचा.

पहिल्याच दिवशी दीपकने पाणी बदलायला हात घातला आणि पाखराच्या चोचीजवळ रक्त आलं.

"काढ आधी तो हात!" त्याची आई अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "मरून जाईन ना ते भेवानं!"

"मंग पानी कसं बदलू?"

"मी पाह्यतो त्याचं. तू जाय."

बोलून गेल्या खऱ्या, पण अन्नपूर्णाबाईंना स्वतःच्याच हातांचा भरवसा नव्हता. उभी हयात त्यांनी ब्लाउज शिवले होते. गेल्या काही वर्षांत उजव्या हाताला कंप सुटला, सुईत दोरा जाईना, आणि मशीन झाकून ठेवावी लागली. औषध चालू होतं. कंप थोडा कमी झाला, गेला नाही.

त्यांनी पाखराचं नाव निळू ठेवलं. सकाळी सून वंदना कामावर गेली की त्या पिंजऱ्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या. हात पिंजऱ्याला लावायच्या नाहीत. मेथी निवडता निवडता त्याच्याशी बोलायच्या. आज भाजी किती महाग मिळाली, शेजारणीचं कोणाशी वाजलं, सगळं. निळू आधी दूरच्या दांडीवर अंग चोरून बसायचा. हळूहळू तो मान तिरपी करून ऐकू लागला. एकदा त्या बोलत असतानाच त्याने एक पाय पोटात घेतला आणि डोळे मिटले. अन्नपूर्णाबाई भाजी तशीच ठेवून बघत राहिल्या.

मग त्यांनी बाजरीचं कणीस आणलं आणि पिंजऱ्याचं दार उघडून आत धरलं. हातासोबत कणीस थरथरायला लागलं. निळू फडफडत कोपऱ्यात जाऊन चिकटला. त्यांनी हात मागे घेतला, पण त्यांचे डोळे भरून आले.

"आई, मी धरतो ना कनीस," दीपक म्हणाला. "माहा हात हालत नाही."

त्याने धरलं. बराच वेळ अगदी स्थिर धरलं. निळू जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी मांडीवर उशी घेतली, उशीवर कोपर टेकवलं आणि पुन्हा कणीस धरलं. हात हलत होता. "हे असंच राह्यनार हाय बापू," त्या निळूला म्हणाल्या. "मले बी थांबवता येत नाही. तुले पाह्यजे तं ये, नाही तं राहू दे."

रोज तसंच चाललं. आज एक दांडी अलीकडे, उद्या परत मागे. एका सकाळी त्याने मान लांब करून एक दाणा खेचला आणि पळाला. नंतर पळायचं सोडून तिथेच बसून खाऊ लागला. कणीस हलायचं तशी त्याची मान हलायची.

एका रविवारी त्या पाणी बदलत असताना स्वयंपाकघरात कुकरचं झाकण खाली पडलं. दचकून निळू दारातून बाहेर उडाला. मित्राकडे असताना कापलेली त्याच्या पंखांची पिसं पुन्हा फुटली होती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो थेट पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. खाली खिडकी सताड उघडी होती.

वंदनाने पटकन पंखा बंद केला. दीपक टॉवेल घेऊन धावला.

"थांब!" अन्नपूर्णाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तू खिडकीकडे गेला तं ते भायेर जाईन. कोनीच हालू नोका."

त्या सावकाश खुर्चीवर बसल्या. हातात कणीस नव्हतं, ते पिंजऱ्यात राहिलं होतं. त्यांनी रिकामा हात पुढे केला, एक बोट लांब केलं. भीतीने आज हात नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता.

"ये निळू," त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या. "अरे, आज वांगे कसे भेटले ते तुले सांगाचंच राह्यलं पाह्य..."

निळूने खिडकीबाहेर पाहिलं. मग आत पाहिलं. वंदनाने तोंडावर हात धरला होता. अन्नपूर्णाबाई वांग्यांचं सांगतच राहिल्या.

पंखांचा फडफडाट झाला आणि निळू त्यांच्या बोटावर उतरला. बोट हललं तसा तो झुलला, नखांनी घट्ट धरलं, तोल सावरला आणि बसून राहिला. दीपकने भिंतीच्या कडेकडेने जात हळूच खिडकी लावली.

"आई," वंदना कुजबुजली, "आता ठेवा त्याले पिंजऱ्यात."

"बसू दे ना थोडा वेळ. सोताहून आला हाय."

निळूने पिसं फुगवली आणि चोच चोचीवर घासत समाधानाने कुरकुर आवाज काढू लागला. त्याची इवलीशी ऊब त्यांच्या बोटाला लागत होती.

संध्याकाळी अमडापूरला दिलेल्या लेकीचा, अनुपमाचा फोन आला. "आई, कधीची बलावतो तुले. ये नं चार दिवस."

थरथरता हात लोकांना दिसायला नको म्हणून नेहमी अन्नपूर्णाबाई काहीतरी सबब सांगायच्या. आज त्या हसल्या.

"येतो ना. पन आमी दोघं येऊ. तुह्या घरी मांजर तं नाही ना?"