पाय हलत होते का?

विरूपाक्षने एक हात बहिणीच्या काखेखाली, दुसरा गुडघ्यांखाली घातला आणि तिला गाडीतून उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवलं. फळीवरून सरकत खुर्चीत बसणं उमादेवीला येत होतं. तो दुकानात गेला की घरी ती तसंच करायची. तो समोर असला की फळी बाजूला राहायची.

"दुखलं का गं?"

"नाही, अण्णा."

नांदेडच्या त्या दवाखान्यात डॉक्टर जीशान दारापर्यंत उठून आला. लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं त्या वर्षांत तो उमादेवीकडे जीवशास्त्र शिकला होता. अजूनही तिच्यासमोर तो खुर्चीला टेकून बसत नव्हता.

"मॅडम, हे जेल सुईतून जाताना पातळ असतं. आत गेलं की अंगाच्या उबेनं घट्ट होतं. त्यात मूलपेशी असतात. मज्जारज्जूतली पोकळी भरते. पुढं किती फरक पडतो, ते आम्हालाही बघायचंय."

"भेगंत गिलावा मारल्यावानी," विरूपाक्ष म्हणाला.

"हो काका. फक्त हा गिलावा जिवंत असतो."

उमादेवी हसली. आपण चालू लागू असं तिला वाटत नव्हतं, तेवढं विज्ञान तिला कळत होतं. लघवीची जाणीव परत यावी, नळी सुटावी, कुणाचा हात न लागता दिवस जावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने स्वतःहून जीशानला एमआरआय पाठवला होता.

"कडेचे थोडे तंतू शाबूत दिसतात," जीशान म्हणाला. "आता एकच विचारायचंय. मार लागल्यावरही ज्यांचे पाय थोडा वेळ हलत होते, तेच रुग्ण या गटात घेतोय. म्हणजे रज्जू त्या क्षणी तुटला नाही, नंतर बिघडला. तुमचे पाय हलत होते का?"

विरूपाक्ष पुढे सरकला. तेव्हा काय घडलं, हे सांगणं त्याचंच होतं. गंजगोलाईच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराने ते ऐकलं होतं.

"भूकंपाच्या पहाटं, साहेब, विसर्जनाहून आलेलो. अंगावरचा गुलाल तसाच. माळवदाचं छत हिच्यावर बसलेलं. लोक म्हनले, जेसीबी येऊ द्या. म्या थांबलो न्हाई. दोन्ही काखंत हात घातले अन् एकट्यानं वढून काढली हिला."

"काका, मॅडमना सांगू द्या."

उमादेवीने डोळे मिटले. दगडाखाली अंधार होता. कुठेतरी घागर फुटली होती आणि गार पाणी पायाच्या बोटांमधून वाहत होतं. तिने बोटं आखडली होती, पुन्हा सोडली होती. मग अण्णाचे हात आले, हिसका बसला, आणि पाणी एकदम आटलं. पाणी आटलं नव्हतं, हे तिला पुढे अकरावीच्या पुस्तकात कळलं.

"घाई नाही, मॅडम. नीट आठवून सांगा," जीशान म्हणाला. त्याला काय ऐकायचं होतं, ते त्याच्या आवाजात होतं.

विरूपाक्ष डॉक्टरकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "दगड पडला तेव्हाच गेले."

जीशानने ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. पडलेल्या माणसाला ओढायचं नाही, पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यायचं, हे ती दर वर्षी मुलांकडून वर्गात करवून घ्यायची. त्याने विरूपाक्षच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने नजर हलवली नाही.

"मग या खेपेला घेता येणार नाही, मॅडम."

"नियम आहे तर आहे."

विरूपाक्षने खुर्ची बाहेर आणली, व्हरांड्यात उभी केली आणि खांबाआड जाऊन घरी बायकोला फोन लावला. हळू बोललं तरी त्याचा आवाज दुकानदाराचाच होता.

"न्हाई घेतलं, नीला... हाव... पर आईक. म्या काढायच्या अगुदरच गेलते पाय. तिनंच सांगितलं डॉक्टरला. डॉक्टरनं लिहून बी घेतलं... न्हाई गं, रडायलो न्हाई."

मग बराच वेळ तो आलाच नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"अहमदपुरात थांबू या का?" तो म्हणाला. "मला भूक लागायलीय."

तिला घेऊन निघालं की तो परत घरी पोचेपर्यंत कधी काही खात नसे.

"थांबू की," उमादेवी म्हणाली. "पोटभर खा."