रिळावर गुंडाळलेला उजेड

मास्तरांना सुटा दोरा बघवत नसे. पन्नास वर्षं शिवणकामात गेलेला माणूस. जमिनीवर वीतभर दोरा दिसला तरी वाकून उचलणार, रिळाला गुंडाळणार आणि वर घरातल्यांना दोन शब्द ऐकवणार. टेलरला मास्तर म्हणायची रीतच आहे, पण यांच्या बाबतीत ते नाव जरा जास्तच शोभत होतं.

त्या दिवशी मात्र मास्तरांचं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारचे अडीच वाजले होते आणि चार वाजता त्यांची नात आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार होती.

नात दोन वर्षांची, जन्मापासून बहिरी. लाडाचं नाव ठकी. लेक-जावई तिकडे परदेशात. महिन्यापूर्वी ठकीच्या कानामागे ऑपरेशन करून आत एक यंत्र बसवलं होतं. जखम आता भरली होती आणि आज डॉक्टर ते यंत्र सुरू करणार होत्या. लेकीने बजावलं होतं, "बाबा, आधी मी बोलेन, मग तिचा बाबा, आणि लगेच तुम्ही. पहिल्या दिवशीच तिला आजोबांचा आवाज ऐकू आला पाहिजे." हे सगळं व्हिडिओ कॉलवर. आणि घरातलं इंटरनेट गेले पंधरा दिवस उठता-बसता मान टाकत होतं. मोबाइलची रेंज त्या तळमजल्यावर जेमतेम. लेकीच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसायचे.

मास्तरांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं होतं. नेटचा डबा बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला. कंपनीला अकरा फोन केले. खांबावरच्या वायरला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला आणि वाऱ्याला शिव्या घालून झाल्या. शेवटी आज कंपनीने वायरवाल्या बाईंना पाठवलं. पंचेचाळिशीच्या असतील, पाठीवर सॅक, बोलणं मोजकं.

"कधी जातं नेट, काका?"

"त्याच्या मनाला येईल तेव्हा."

"काही नाही हो," मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "हे मशीनवर बसले की जातं. मी चार दिवस घसा कोरडा करतेय, पण माझं ऐकतंय कोण?"

"अगं, पायाने चालणारं मशीन ते! त्याला वीजसुद्धा लागत नाही. ते काय नेट खाणार?"

"काका, बसा बरं एकदा मशीनवर," बाई म्हणाल्या.

मास्तर फणकाऱ्याने बसले आणि पाय मारू लागले. खडखड-खडखड. शिवण अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती, तोच डब्यावरचा हिरवा दिवा विझला आणि लाल लुकलुकू लागला. मास्तरीणबाईंनी दिव्याकडे नुसतं बोट केलं. तेच मास्तरांना जास्त झोंबलं.

बाईंनी गुडघे टेकले आणि भिंतीच्या कडेने वायरचा माग घेत त्या मशीनच्या मागे पोचल्या. तिथे थांबल्या. दहा फूट जास्तीची वायर एका रिकाम्या रिळावर घट्ट गुंडाळलेली होती, वर दोऱ्याची पक्की गाठ, आणि ते रीळ मशीनच्या पायाला बांधून टाकलेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं," मास्तर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "तुमचा माणूस ती वायर नुसती लोंबकळत सोडून गेला होता. अशी गबाळी कामं मला खपत नाहीत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा ओढून खोलीत अंधार केला, डब्यातून वायरचं टोक उपसलं आणि खिशातल्या पेनसारख्या एका दिव्यात खुपसलं. "आता तुमचं रीळ बघा."

रीळ पेटलं होतं. वायरच्या पांढऱ्या कातडीतून वेढ्यावेढ्याला लाल उजेड पाझरत होता, आणि एका ठिकाणी तर तो ठिपका होऊन बसला होता. मशीनची लोखंडी पट्टी त्याने लाल झाली होती. मास्तर वाकले ते वाकलेलेच राहिले.

"आत तार नसते का?"

"काच असते, काका. केसाएवढी. तिच्यातून उजेड धावतो. वायर अशी आवळली की उजेड वळणावर बाहेर सांडतो. त्यात तुमचं मशीन हललं की काच आणखी दबते. इथे तर चीरच गेली आहे."

"उजेड धावतो. आणि माझी लेक?"

"तोच उजेड ना. तिचा आवाज, चेहरा, सगळं त्यातूनच येतं."

मास्तरांनी सुती दोरा हाताळला होता, रेशमी हाताळला होता, घोंगडीसारख्या कापडातून ओढायचा मेणाचा दोराही हाताळला होता. काचेचा दोरा असतो आणि त्यावरून माणसं उजेड होऊन घरात येतात, हे त्यांना सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"म्हणजे पंधरा दिवस माझ्या लेकीचं बोलणं मीच इथे सांडत होतो. काखेत कळसा आणि शिव्या खांबाला!"

"चीर गेलेला भाग कापून नवं टोक बसवते," बाई म्हणाल्या. "होईल चारपर्यंत. फक्त मधे बोलू नका."

मास्तर खरंच बोलले नाहीत. बाईंनी कातडी सोलली, आतला जवळजवळ न दिसणारा केस ओल्या कागदाने पुसला, चिमट्यासारख्या हत्यारात धरला आणि टक् करून तोडला. तुटलेला तुकडा चिकटपट्टीवर टिपून ठेवला. बोटात गेला तर सापडत नाही म्हणे. हात जरासुद्धा हलत नव्हता. मास्तरांनी आयुष्यात फार थोड्या लोकांच्या हाताला मान दिला होता. त्या दुपारी आणखी एकाला दिला. उरलेली वायर बाईंनी ताटाएवढं सैल वेटोळं करून खिळ्याला टांगली, आणि मास्तरांनी ते गबाळं वेटोळं मुकाट्याने पाहून घेतलं.

हिरवा दिवा लागला तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. बाई सॅक भरून झाल्यावरही दारात रेंगाळल्या.

कॉल लागला. मोबाइलच्या पडद्यावर ठकी जमिनीवर ठोकळे मांडत बसली होती. शेजारी डॉक्टर. त्यांनी काहीतरी दाबलं. लेक हळूच म्हणाली, "ठकी."

ठकीच्या हातातला ठोकळा तसाच राहिला. तिने आईकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या कानामागे हात नेला. आई पुन्हा म्हणाली. मग जावई बोलला, तर ठकी झर्रकन तिकडे वळली. मास्तरीणबाईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

"बाबा, बोला आता," लेक म्हणाली.

मास्तरांनी तीन दिवस वाक्यं पाठ केली होती. एकही आठवेना. ज्या माणसाच्या जिभेला हाड नाही असं सारी गल्ली म्हणायची, त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. ठकीचा कोरा मेंदू आज आवाजांनी भरायला लागला होता, आणि त्यात आपण जे टाकू ते तिथे राहणार. एवढी मोठी गोष्ट त्यांच्या हाती आजवर कुणी दिली नव्हती. घशात हुंदका आला, तो त्यांनी गिळला, तर त्याचा मोठ्ठा खोकला झाला.

ठकी दचकली. तिने दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग हळूहळू पडद्याकडे वळली, एक बोट थेट मास्तरांच्या नाकावर रोखलं आणि वाट बघू लागली.

मास्तर पुढे सरकले.

"ठके," ते म्हणाले, "मी बोलतोय."