कौलांचा हिशेब

माझी बायको एस्तेर एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे पाळकसाहेबांचंही काही चालत नाही. मे महिन्यातल्या वाऱ्याने आमच्या चर्चचे पत्रे उडाले, तेव्हा मंडळी नव्या पत्र्यांच्या गोष्टी करू लागली. एस्तेर उभी राहिली. "पत्रे न्हाई. कौलं." गेल्या ईस्टरला तापल्या पत्र्याखाली माझ्या आईला घेरी आली होती. तेव्हापासून आई रविवारी घरीच बसते.

सोनईला एक जुनी शाळा पाडत होते. कौलं फुकट मिळणार होती, पण किती हवीत ते आधी सांगायचं. उरलेली तिसगावकरांनी मागून ठेवली होती. मंडळीतले वडीलधारे काकासाहेब म्हणाले, "कमी पडली तर पत्रेच. अर्धं छप्पर उघडं ठिवून चालायचं न्हाई."

पाळकसाहेबांनी चर्चची फरशी मोजली आणि नऊशे कौलं सांगितली.

"साहेब, फरशी आडवी हाय, छप्पर उतरतं हाय," म्हणत एस्तेर शिडी चढली. मी खाली शिडी धरून चरफडत होतो. वर आढ्यापासून खाली भिंतीबाहेर येणाऱ्या कडेपर्यंत तिने दोरी ताणली, ती मोजली, दोन्ही बाजू धरल्या. आकडा बाराशेवर गेला. पाळकसाहेबांनी नऊशे खोडून बाराशे कळवली.

बाराशे कौलं टेम्पोत चढली. हिशेब बरोबर होता, पण रस्त्यातले खड्डे कुणीच मोजले नव्हते. उतरवताना साठ फुटकी निघाली. शेवटच्या दोन ओळी उघड्या राहिल्या आणि काकासाहेबांनी पत्रेवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला.

"दुपारपत्तुर थांबा," एस्तेर म्हणाली आणि तडक घरी आली. आमच्या घरावरही तसलीच कौलं. तिने स्वयंपाकघराला शिडी लावली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, खुळी झालीस का? सैपाक काय उन्हात करायचा?"

"तिथं पत्रा टाका. सैपाक मी करते, घाम माझाच गळंल." ती वर चढत होती. "पत्र्याखाली आत्याबाई चर्चला कशा येणार?"

आई दारातच बसली होती. तिने सगळं ऐकलं, आणि पदर डोळ्यांना लावला. मला माझाच राग आला. मी एस्तेरला खाली बोलावलं आणि स्वतः वर चढलो.

"किती म्हणालीस?"

"साठ."

"ऐंशी काढतो. नेताना फुटतात."