साबणाच्या डबीतला आवाज

हणमंतने साबणाच्या डबीतून निघालेली वायर सरळ केली आणि मटार सोलत बसलेल्या सरलाच्या कानात इअरफोन बसवला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"ऐकू येतंय?"

"स्वच्छ. अगदी गोड."

"आणि ते कंपनीचं मशीन?"

"पत्रा बडवल्यासारखं. भांडीसुद्धा भांडतात त्यात."

हणमंतने लेकीकडे पाहिलं. एअर फोर्समध्ये पंचवीस वर्षं त्याने वायरलेस सेट दुरुस्त केले होते. कानाच्या मशीनवाल्यांना तो उघड चोर म्हणायचा. एक माइक, एक चिप, वर नखाएवढं प्लॅस्टिक. बाकी सगळा धंदा म्हाताऱ्यांच्या भीतीवर. म्हणून सरलाचं मशीन त्याने साबणाच्या डबीत घरीच बनवलं होतं.

हिंदी मुलखात वाढलेली उत्कर्षा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महानगर वस्तीतून तेलीबागला आईवडिलांकडे मुद्दाम आली होती. कंपनीचं मशीन तिनेच ट्रायलवर आणलेलं. ठेवायचं की परत करायचं, आज सांगायचं होतं.

"बाबा, ज़िद मत करो. डॉक्टर ने बोला था, जितनी देर करोगे..."

"डॉक्टर बोलणारच. आईला विचार की. कान तिचे आहेत."

उत्कर्षाने मशीन पर्समध्ये टाकलं आणि चपला शोधायला लागली.

जिंकल्याच्या हुरुपात हणमंतने आवाज आणखी सुधारावा म्हणून डबी उघडली. आत सेलच नव्हते. सोमवारी त्यानेच काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. आज गुरुवार. तेव्हापासून रोज सरला ही डबी लावून बसत होती आणि रोज गोड म्हणत होती.

"थांब," तो उत्कर्षाला म्हणाला. "दे ते तुझं मशीन."

आवाज पूर्ण वाढवून त्याने ते सरलाच्या कानात घातलं आणि तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"सरला."

तिने शेंग सोलली.

"सरला!"

उत्कर्षाने स्टीलच्या ताटावर झारा बडवला. खाली गल्लीत कुत्रं भुंकलं. सरलाने पुढची शेंग उचलली.

हणमंत पुढे आला.

"कसं वाटतंय?"

तिने त्याच्या मिशीआडच्या ओठांकडे निरखून पाहिलं. "काय?"

त्याने पुन्हा, सावकाश विचारलं.

"अहो, हे नकोच म्हटलं ना मी. कर्कश आहे मेलं. तुमचंच लावा."

"अच्छा."

त्याने रिकामी डबी पुन्हा तिच्या कानाला जोडली. उत्कर्षा काही बोलणार होती. त्याने हातानेच नको म्हटलं. मग बेसिनपाशी जाऊन कात्री घेतली, आणि नोकरीच्या दिवसांपासून जपलेली, वरचा ओठ झाकून टाकणारी पांढरी मिशी मुळापासून कापायला लागला.