मातीखालची सात कोठारे

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओस्कोप आहे. चष्म्याला चार पाय फुटावेत, तसा दिसतो. विमानातून लागोपाठ काढलेली दोन छायाचित्रे माझ्याखाली ठेवली, की सपाट कागदावर टेकड्या उभ्या राहतात.

मी वॉशिंग्टनच्या गुप्तवार्ता खात्यात तीस वर्षे होतो. तिथे कोणी परदेशातून बातमी आणी, कोणी रेडिओचे संदेश ऐके. सारे जुळवून समोर काय आहे ते अध्यक्षांना सांगायचे, एवढेच आमचे काम. पुढचे ते ठरवत.

एका ऑक्टोबरात परक्या देशातल्या एका गावाजवळच्या माळावर मातीने झाकलेली सात लांब कोठारे दिसली. आमचे प्रमुख हॅडली साहेब म्हणाले, "क्षेपणास्त्रंच आहेत. लिहून टाका, दुपारी अध्यक्षांची बैठक आहे."

तसे लिहिले असते, तर विमाने बॉम्ब घेऊन निघाली असती. विल्मा थॉर्सन ही छायाचित्रे वाचणारी बाई तासभर माझ्यावर वाकून होती. तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या.

"साहेब, हा रस्ता बघा. काटकोनात वळतो. क्षेपणास्त्र वाहणारी एवढी लांब गाडी वळणार कशी? आणि छपरावरची ही धुराडी! आत हवा खेळावी, बटाटे सडू नयेत म्हणून ठेवतात. आमच्या डाकोटात अशी कोठारं ढिगानं आहेत."

"थॉर्सनबाई, शेतावरून आलात म्हणून सगळीकडे बटाटेच दिसतात होय?"

सगळे हसले. विल्मा हसली नाही. "तुम्हीच बघा ना."

साहेब वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. "आणि चूक निघाली तर?"

"अहवालाखाली माझंच नाव असेल. दाराआड काय आहे ते मात्र मला दिसलेलं नाही. तेही लिहिते."

तसाच अहवाल गेला. विमाने उडाली नाहीत. तीन आठवड्यांनी नवी छायाचित्रे आली. दारे सताड उघडी, बाहेर घोडागाड्यांची रांग, गाड्यांत पोती!

"अरे या, बटाटे बघायला या!" साहेबांनी सगळा मजला गोळा केला आणि विल्माला स्वतःची खुर्ची दिली. त्या दिवशी मला माझ्या काचांचा फार अभिमान वाटला.

पुढे संगणक आले. मी कपाटात गेलो, एका भिंगावर बुरशी धरली. तरी नजर अजून शाबूत आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांची भिंगे अधूनमधून मऊ फडक्याने पुसत जा. आणि काय दिसले असे कोणी विचारले, तर दिसले तेवढेच सांगा. उरलेल्याला बेधडक 'माहीत नाही' म्हणा. तसे म्हणणारी एक बाई होती, म्हणून त्या परक्या गावात त्या हिवाळ्यात चुली पेटल्या.