साहेबाचे मासे आणि माईंचा नेम

"एवढं कौतुक पोटच्या पोरीचं केलं असतं तर दोन शेर वजन वाढलं असतं तिचं," माई चुलीपाशी पुटपुटल्या.

पुटपुटणं असं, की बाहेरच्या खोलीतल्या चिंतामणरावांना शब्द न् शब्द ऐकू यावा, पण उत्तर द्यायची सोय राहू नये. एकवीस वर्षांच्या संसारात माईंनी ही कला साधली होती.

आज मात्र चिंतामणरावांचं लक्षच नव्हतं. समोरच्या काचेच्या टाकीत पाचांतला एक मासा आडवा तरंगत होता. उरलेले चार काळवंडून कोपऱ्यात तोंड घालून उभे होते, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे.

मासे साहेबाचे. अंबरनाथच्या नव्या कारखान्यात परदेशातून आलेला हा इंजिनियर चार महिन्यांच्या रजेवर मायदेशी गेला आणि जाताना टाकी आपल्या स्टोअरच्या कारकुनाच्या हवाली करून गेला. कारण काय, तर चिंतामणराव सांगितलेल्या कामातलं अक्षर चुकवत नाहीत. मासे ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा. साहेब त्यांना डिस्कस म्हणे. माई म्हणत, "तुमच्या त्या पुऱ्या."

सोबत खाण्यापिण्याचा टाइप केलेला कागद होता. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चिंतामणरावांना घाम फुटला होता. बोकडाचं काळीज आणावं, चरबी आणि शिरा काढून बारीक वाटावं, त्यात उकडलेला पालक कालवावा, दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यावं. भात, पोळी, पाव कदापि देऊ नये. हे शेवटचं वाक्य लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित.

आणि या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे.

पण साहेबाचा हुकूम. स्टोअरमधला खलाशी, म्हणजे हमालीचा गडी, हरिचंद्र जवळच्या चामटोली गावचा. त्याची बायको जनी काळीज साफ करून पाट्यावर वाटून द्यायची, आणि तो सकाळी कामावर येताना एक डबी मागच्या दाराने पोचवायचा. माईंना सांगितलं होतं, विलायती औषध आहे. तांबूस लगदा बघून माई म्हणाल्या होत्या, "गुलकंदासारखं दिसतंय हो अगदी."

चिंतामणरावांनी बाह्या सारल्या आणि मेलेला मासा हाताने उचलला. पोट टम्म फुगून दगड झालं होतं. टाकीच्या तळाशी पांढरट गाळ साचला होता आणि त्यात नखाएवढे कागदाचे कपटे. त्यांनी एक बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. शाई फुटली होती, तरी अक्षर ओळखीचं होतं.

राम.

"अगं, हे काय आहे?"

माई पदराला हात पुशीत आल्या. मासा बघून थबकल्या. "मेला?"

"हे कागद कुणी टाकले?"

"कागद नाहीत ते. गोळ्यांतलं रामनाम आहे." माईंचा आवाज खाली गेला. "नेम धरलाय मी. सव्वा लाख रामनाम, कणकेच्या गोळीत घालून माशांना खाऊ घालायचं. बदलापूरला नदीवर जाऊन घालणार होते, पण वृंदाला एकटीला टाकून रोज कशी जाऊ? म्हटलं, देवानेच मासे घरी पाठवलेत."

"किती घातल्यास?"

"रोज एकशे आठ. आज पाचवा दिवस."

"आणि खाल्ल्या त्यांनी?"

"पहिल्यांदा हुंगेनातसुद्धा. मग मीच युक्ती केली. तुमचं ते औषध बोटाने एकेका गोळीला चोळलं, तर मटामट गिळल्या."

चिंतामणराव मासा हातात घेऊन तसेच स्टुलावर बसले. "ती औषधाची डबी कुठे असते?"

"असते कुठे म्हणजे? देवघरात. गार असतं तिथे. तीर्थाच्या पंचपात्राशेजारी."

खिडकीशी खाटेवर पडलेल्या लेकीने, वृंदाने, उशीतून डोकं उचललं. ती एकोणीस वर्षांची. दिवाळीत घेरी येऊन पडली, कल्याणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, आणि तेव्हापासून घरात 'बारीक ताप' आणि 'अशक्तपणा' हे दोनच शब्द वापरात होते. दर दोन दिवसांनी मिळायची ती 'ताकदीची' इंजेक्शनं. तिची कपबशी वेगळ्या फळीवर कधी गेली, कुणी नेली, याची चर्चा झाली नाही.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

"बाबूसाहेब, ह्या घ्या डबी!" हरिचंद्राचा आवाज खणखणीत. "आज बोकराचा कालीज एकदम ताजा गावला. जनी बोलली, वास पन नाय येनार."



माईंनी आपला उजवा हात वर केला आणि बोटांकडे पाहिलं. अंगठा, तर्जनी. मग देवघराकडे पाहिलं.

आधी हसली ती वृंदा. "माई, अगं रामाला..." एवढंच बोलली. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेना. रुमाल तोंडाशी गेला. चिंतामणराव सवयीने टाकीकडे बघू लागले. दारात आलेला हरिचंद्र पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. रुमाल बाजूला होताना या घरात कुणीच तिकडे बघत नसे.

"लई तरास होतो काय पोरीला?" हरिचंद्राने हळूच विचारलं.

"अशक्तपणा आहे जरा," चिंतामणराव म्हणाले. "बारीक ताप."

आता माई डोक्यावरून पाणी घेणार, देव उजळणार, टाकी अंगणात भिरकावणार, याची ते वाट पाहत होते. माई जागच्या हलल्या नाहीत.

"माशांना हे घालायचं, हे कुणी सांगितलं?"

"साहेबाच्या कागदात होतं."

"आणि डॉक्टरांच्या कागदात काय होतं?"

"सांगितलं होतं की तेव्हाच. दूध आणि लोणी."

"सगळं काय होतं, ते विचारतेय मी."

साहेबाच्या कागदातला एक शब्द चिंतामणरावांनी गाळला नव्हता. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी घरात मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि तिच्यातली एक आख्खी ओळ गिळली होती.

"दोन अंडी," ते टाकीतल्या पाण्याला सांगावं तसं म्हणाले. "रोज. आणि काळजाचा रस्सा."

"तीन महिने झाले त्याला."

"तुला चाललं नसतं."

"मला विचारलंत?"

टाकीत आणखी एक मासा सावकाश कलंडला. माईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या सरळ मागच्या दाराशी गेल्या. आजवर हरिचंद्राशी त्या बोलायच्या ते चार हात लांबून. आज समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्याकडे कोंबड्या आहेत ना रे?"

"हायेत की, माई. नऊ हायेत."

"उद्यापासून रोज दोन अंडी आण. आणि रस्सा कसा करतात ते जनीला विचारून ये. नाहीतर तिलाच पाठव. माझ्या चुलीवर करून दाखवू दे."

हरिचंद्राने गोंधळून त्यांच्या खांद्यावरून टाकीकडे पाहिलं. "पन माई, मासे तं मेले ना?"

"माशांसाठी नाही." माईंनी मागे वळून खाटेकडे पाहिलं. वृंदा त्यांच्याकडेच बघत होती, रुमाल मांडीवर उघडा टाकून. माईंनी नजर काढली नाही.

"माझ्या वृंदासाठी," त्या म्हणाल्या. "तिला क्षय झालाय."