मित्राजवळचा निरोप

हरिदास गडचांदूरजवळच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होता. बायको सत्यशीला त्याला न विचारता बहिणीच्या बारशाला चामोर्शीला जाऊन आली, म्हणून त्यानं तिला शेजाऱ्यांसमोर मारलं. १९८६ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या दिवसापासून सत्यशीला त्याच्याशी बोलली नाही. तोही बोलला नाही.

मध्ये होती अडीच वर्षांची संघमित्रा.

"मित्रा, बाबाले सांग, भात वाढला."

"आईले सांग, मले भूक नाई."

पोरगी दुडूदुडू अंगणात जायची, परत यायची. सगळं वाक्य तिला पेलायचं नाही. शेवटचे दोन शब्द तेवढे पोचायचे. निरोप चुकला की हरिदास तिच्यावर खेकसायचा. मग ती बापासमोर नुसती उभी राहून परत यायची आणि आईला काहीतरी सांगून टाकायची. बहुतेक वेळा, "बाबा नाई म्हन्ते."

श्रावणात मित्राच्या धाकट्या भावाला, आठ महिन्यांच्या मिलिंदला, ताप चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दूध सोडलं, त्याची मान आखडली. हरिदास अंगणात दाढी करत होता.

"मित्रा, बाबाले सांग, बाळाले डॉक्टरकडे न्या लागते. लवकर."

मित्रा गेली. बापाच्या हातात वस्तरा होता, कपाळावर आठ्या होत्या. ती थोडा वेळ उभी राहिली.

"बाबा नाई म्हन्ते," ती आत येऊन म्हणाली.

अंगण दहा पावलांवर होतं. तरी सत्यशीला उठली नाही. हरिदास डबा घेऊन खाणीवर गेला.

दुपारी बाळाला झटके आले. शेजारच्या गुणाबाईनं खाणीवर माणूस धाडला. मिळेल त्या ट्रकनं ते चंद्रपूरला पोचले.

"इतका आजारी होता, तं मले काऊन नाई सांगतलं?" दवाखान्याच्या व्हरांड्यात हरिदास ओरडला. तीन महिन्यांनी तो तिच्याशी बोलत होता.

"सांगतलं होतं. मित्राजवळ."

दोघांनीही पोरीकडं पाहिलं. ती गुणाबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून बसली.

मिलिंद वाचला. त्याचे कान मात्र गेले, हे पुढं दोन महिन्यांनी ताट पडलं तेव्हा कळलं. तो दचकला नाही.

आता नवरा-बायको एकमेकांशी बोलतात. कामापुरतं, हळू आवाजात. मित्राला कुणी रागावत नाही. पण आईनं हाक मारली की ती आधी बापाच्या तोंडाकडं पाहते, आणि बाळाजवळ जात नाही.